डेलावेअरला हो म्हण, न्यूयॉर्कला थांब

प्रिय ताई,

मी मूळची सांगलीची. फिजिओथेरपीची पदवी महाराष्ट्रातली. नंतर इथे अमेरिकेत येऊन एनपीटीई, म्हणजे फिजिओथेरपिस्टची राष्ट्रीय परीक्षा दिली, न्यूजर्सीचं लायसन्स घेतलं. चेरी हिलला राहते आणि एका होम हेल्थ कंपनीत एच-वन-बी व्हिसावर काम करते. गुडघे-खुबे बदललेल्या, पक्षाघात झालेल्या पेशंटना घरी जाऊन चालतं करायचं, हे माझं रोजचं काम.

सध्या तीन गोष्टींनी डोकं भणभणलंय. कंपनी म्हणते, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले दोन दिवस पूल ओलांडून डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनकडचे पेशंट बघ. लायसन्सचं विचारलं तर मॅनेजर म्हणाली, "डेलावेअर कॉम्पॅक्टमध्ये आहे, तू सुरुवात कर, कागद मागून होतील." दुसरं म्हणजे माझ्या एक पेशंट आजी. गुडघा बदललाय, इंग्रजी येत नाही. त्या आता धाकट्या मुलाकडे लाँग आयलंडला राहायला गेल्यात. तिथल्या थेरपिस्टचं बोलणं कळत नाही म्हणून मुलाने गळ घातली आणि मी दोनदा व्हिडिओवर त्यांचे व्यायाम घेतले. पैसे घेतले नाहीत. मैत्रीण म्हणते हे चालत नाही, नवरा म्हणतो फुकट केलंयस तर कोण विचारतंय! आणि तिसरं, नवऱ्याला सॅन होजेला नोकरी मिळतेय. उन्हाळ्यात जावं लागेल. माझं न्यूजर्सीचं लायसन्स आणि हे कॉम्पॅक्ट तिथे चालेल ना? की पुन्हा पहिल्यापासून सगळं?

— सांगलीची, सध्या मुक्काम चेरी हिल

मैत्रिणीचं ऐक.

तुझ्या पत्राचा क्रम मोडून मी आजींपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन गोष्टी व्हायच्या आहेत आणि ही होऊन गेलीय.

अमेरिकेत आपल्या व्यवसायाचं लायसन्स राज्य देतं, देश नाही. एनपीटीई एकच, पास व्हायला लागणारे ६०० गुणही सगळीकडे तेच, म्हणून लायसन्सही सगळीकडे चालत असेल असं वाटतं. तसं नाही. व्हिडिओवर उपचार केले तर ते कुठे झाले असं धरतात? पेशंट ज्या जागी बसलाय तिथे. तू चेरी हिलच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली होतीस याला काही महत्त्व नाही. आजी लाँग आयलंडला होत्या, म्हणजे ते काम न्यूयॉर्कमध्ये झालं. आणि कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे लायसन्सबाबत राज्यांनी आपसात केलेल्या करारात, न्यूयॉर्क नाही.

त्यात न्यूयॉर्कचा कायदा याबाबतीत भलताच कडक. तिथे आपला व्यवसाय आरोग्य खात्याच्या नाही, शिक्षण खात्याच्या अखत्यारीत येतो आणि त्यांच्या शिक्षण कायद्यात विनापरवाना व्यवसाय करणं हा क्लास ई फेलनी, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. उद्या सकाळी कुणी तुझ्या दारात येणार आहे असं मी म्हणत नाही. आजी तक्रार करणार नाहीत, त्यांचा मुलगा तर नाहीच नाही. पण समजा आजी पायरी चढताना पडल्या. इमर्जन्सीत कुणी तरी विचारणारच, "व्यायाम कोण घेतं?" आणि मुलगा भाबडेपणाने तुझं नाव सांगणार, तेही कौतुकाने. तिथून पुढे काय होईल ते तुझ्या हातात राहत नाही. व्यावसायिक जबाबदारीच्या विम्याची पॉलिसी काढून बघ. लायसन्स नसलेल्या ठिकाणी केलेल्या कामाला विमा कंपन्या सहसा हात लावत नाहीत. आणि आपण व्हिसावरची माणसं. इथल्या नागरिकाला जे प्रकरण दंड भरून मिटवता येतं, ते आपल्याला पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावं लागतं.

पैसे घेतले नाहीत, हा नवऱ्याचा मुद्दा माणुसकी म्हणून ठीक. पण कायदा पावती बघत नाही, तू काय केलंस ते बघतो. गुडघा किती वाकतोय हे कॅमेऱ्यात बघून "आता टाच अजून मागे घ्या, रोज दहाऐवजी पंधरा वेळा करा" असं सांगितलं असशील तर ते तपासणं आणि उपचार बदलणं झालं. "आजी, जेवलात का, खाली फिरायला जाता का?" असं विचारणं म्हणजे आपुलकी. त्याला कुणाची हरकत नाही, ते जरूर चालू ठेव.

झालेल्या दोन कॉलचं काय? ते मेसेज, कॉलची नोंद, काही टिपणं केली असशील तर ती, यातलं काहीही पुसू नकोस. पुसण्याने साधी गोष्ट संशयास्पद होते. विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर किंवा लायसन्सची प्रकरणं बघणाऱ्या वकिलाला एकदा विचार आणि तोवर लायसन्स देणाऱ्या कुठल्याही बोर्डाला आपणहून पत्र लिहू नकोस. प्रामाणिकपणाच्या उमाळ्यात लिहिलेली पत्रं मी बघितली आहेत. त्यात नको तेवढा तपशील असतो आणि हवा तो नेमका राहून जातो.

आता आजींसाठी काय करता येईल ते. त्यांना तुझा चेहरा हवाय असं तुला वाटतंय. मला वाटतं, त्यांना त्यांची भाषा हवी आहे. त्या मुलाला हे नक्की सांग: सरकारी पैसा घेणाऱ्या, म्हणजे मेडिकेअर-मेडिकेड चालणाऱ्या हॉस्पिटलांना आणि क्लिनिकांना पेशंटसाठी दुभाषा फुकट द्यावा लागतो. फोनवरचा असेल, स्क्रीनवरचा असेल, पण द्यावा लागतो. अपॉइंटमेंट घेताना ‘मराठी’ असं स्वच्छ सांगायचं. नाहीतर डेस्कवरची बाई भारतीय नाव बघून ‘हिंदी’ टाकून मोकळी होते आणि मग आजी मान डोलवत बसतात. आपल्या लोकांना हे मागायचा संकोच वाटतो, "मुलगा आहे ना सांगायला" म्हणतात. मुलगा ऑफिसात असतो आणि गुडघ्याचे व्यायाम भर दुपारी चालू असतात.

आणि आजींची लेखी संमती घेऊन, कंपनीच्या रीतीने, तिकडच्या थेरपिस्टला एक चांगला समरी पाठव. नुसते अंश नकोत. गुडघा किती वाकतो, पूर्ण सरळ होतो का, वॉकर कधी सुटला, काठी कुठल्या हातात धरतात हे तर लिहिच, पण त्यांना खालच्या पायरीची भीती का वाटते, आणि त्यांना देवापुढे मांडी घालून बसायचंय, हेही लिही. अमेरिकन थेरपिस्टच्या फॉर्ममध्ये ‘जमिनीवर बसणे’ हे ध्येय सहसा नसतंच. तू लिहिलंस तर तो निदान सर्जनला विचारेल की हा गुडघा तेवढा वाकवायचा का. तुझ्या दोन व्हिडिओ कॉलपेक्षा हा एक कागद त्यांच्या जास्त कामाचा.

उद्या आजी चेरी हिलला थोरल्याकडे आल्या तर? मग पेशंट न्यूजर्सीत, तुझं लायसन्स न्यूजर्सीचं. लायसन्सची अडचण नाही. पण एच-वन-बीवर तुला खासगी पेशंट बघता येत नाही, तेव्हा तेही कंपनीमार्फतच. न्यूयॉर्कचं लायसन्स काढणं हा मार्ग आहेच, पण परदेशात शिकलेल्यांना तिथे कागदपत्रांची स्वतंत्र पडताळणी लागते. ती सीजीएफएनएस, म्हणजे आताची ट्रूमेरिट, ही संस्था करते आणि कागद थेट तुझ्या विद्यापीठाकडून मागवते. एका आजींसाठी, आणि तूच कॅलिफोर्नियाला निघालेली असताना, ही उठाठेव मी करणार नाही.

आता डेलावेअर. इथे उत्तर हो असं आहे, फक्त मॅनेजरने सांगितलेल्या क्रमाने नाही.

कॉम्पॅक्ट म्हणजे राज्याराज्यांनी आपापल्या विधिमंडळात एकाच मजकुराचा कायदा करून केलेला करार. २०१६ मध्ये ओरेगॉनने पहिला कायदा केला, २०१७ मध्ये दहा राज्यं झाली तेव्हा करार अमलात आला आणि २०१८ च्या जुलैपासून प्रत्यक्ष परवानग्या द्यायला सुरुवात झाली. मिझुरी आणि टेनेसी सुरुवातीला होते. आज निम्म्याहून कितीतरी जास्त राज्यांनी कायदा केलाय, त्यात न्यूजर्सी आणि डेलावेअर दोन्ही आहेत. पण नीट ऐक: "डेलावेअर कॉम्पॅक्टमध्ये आहे" याचा अर्थ तुला डेलावेअरमध्ये काम करता येतं असा नाही. तुला तिथली परवानगी मागता येते, एवढाच. तिला सगळे ‘प्रिव्हिलेज’ म्हणतात. ती कॉम्पॅक्टचा कारभार बघणाऱ्या कमिशनच्या साइटवर जाऊन राज्यागणिक वेगळी विकत घ्यावी लागते. कमिशनची फी ४५ डॉलर, वर त्या राज्याची फी असेल ती. काही राज्यं आधी त्यांच्या कायद्यावरची छोटी परीक्षा मागतात. सगळं सुरळीत असलं तर काम खरोखर झटपट होतं, कित्येकदा तासाभरात. म्हणूनच मॅनेजरच्या "मागून होतील" चा मला राग येतो. जे एका बैठकीत होण्यासारखं आहे, ते पहिल्या पेशंटच्या आधी का नाही करायचं?

अट अशी, की तुझं राहतं घर ज्या राज्यात, त्याच राज्याचं चालू लायसन्स हवं आणि ते राज्य करारात हवं. घर म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता. कुठल्याही लायसन्सवर निर्बंध नकोत, मागच्या दोन वर्षांत शिस्तभंगाची कारवाई नको. (आजींचं प्रकरण मी आधी का घेतलं ते आता कळलं असेल.) एका राज्याने प्रिव्हिलेज काढून घेतला तर बाकीच्या सगळ्या राज्यांतले प्रिव्हिलेजही जातात, कारण बोर्डांची माहिती एकाच ठिकाणी जमा होते. एका बोर्डाने उचललेला दगड दुसऱ्या राज्यातही लागतो.

तारखेकडेही बघ. प्रिव्हिलेज तुझ्या न्यूजर्सीच्या लायसन्सबरोबरच संपतो आणि न्यूजर्सीचं लायसन्स सम वर्षाच्या ३१ जानेवारीला संपतं. विषम वर्षाच्या डिसेंबरात प्रिव्हिलेज घेतलास तर पूर्ण पैसे भरून महिनाभराची परवानगी मिळते. अशा वेळी आधी रिन्यूअल उरकायचं, मग प्रिव्हिलेज घ्यायचा. एक सोय मात्र छान आहे: कंटिन्यूइंग एज्युकेशनचे, म्हणजे लायसन्स टिकवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या अभ्यासाचे, क्रेडिट फक्त न्यूजर्सीचे पूर्ण करायचे. डेलावेअर वेगळे मागत नाही.

प्रिव्हिलेज हातात आला की डेलावेअरच्या पेशंटपुढे तू डेलावेअरची थेरपिस्ट. न्यूजर्सीचे नियम पुलाच्या अलीकडे राहिले. रेफरलशिवाय किती दिवस पेशंट बघता येतो, असिस्टंटवर देखरेख कशी ठेवायची, काय करायला मुभा आहे, हे राज्याराज्यात वेगळं असतं. ड्राय नीडलिंगचंच, म्हणजे स्नायूत बारीक सुई टोचून करायच्या उपचाराचंच घे. कित्येक राज्यांत थेरपिस्ट रीतसर प्रशिक्षण घेऊन ते करतात, कॅलिफोर्नियात आपल्याला सुईला हात लावता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये रेफरलशिवाय पेशंट बघायचा तर दहा भेटी किंवा तीस दिवस यांतलं जे आधी संपेल तिथे थांबावं लागतं, आणि तेही तीन वर्षांचा अनुभव असेल तरच. तेव्हा डेलावेअरचा प्रॅक्टिस ॲक्ट, म्हणजे आपल्या व्यवसायाचा तिथला कायदा, एकदा बसून वाच. कंटाळवाणा आहे, पण लांब नाही.

मॅनेजरला आणखी काही विचारायचंय. कंपनीला स्वतःला डेलावेअरमध्ये होम हेल्थ एजन्सी म्हणून लायसन्स आहे का? तुझा परवाना झाला आणि कंपनीचाच नसला, असंही घडतं. मेडिकेअर कॉम्पॅक्टचा प्रिव्हिलेज वैध लायसन्स म्हणून मानतं, पण खासगी विमा कंपन्यांकडे तुझं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे कागद तपासून झालेली नोंदणी, डेलावेअरसाठी झालंय का, हे एचआरने बघायचं. तुझ्या विमा पॉलिसीत डेलावेअरचं नाव घालून घ्यायला एक फोन पुरतो. आणि फिलाडेल्फियाचं काम उद्या गळ्यात पडलं तर कमिशनच्या साइटवरचा नकाशा बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. पेनसिल्व्हेनियाने कायदा २०२२ मध्येच केला, पण एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणीच्या मजकुरावरून गाडं बराच काळ अडलं होतं. कायदा झाला म्हणजे परवानगी मिळायला लागली, असं धरून चालायचं नाही. नकाशावर या दोन्हींचे रंगच वेगळे आहेत.

व्हिसाचं तू विचारलं नाहीस, पण मला तीच काळजी जास्त. एच-वन-बी कामाच्या जागेला बांधलेला असतो. जागा महानगर क्षेत्राबाहेर गेली तर सुधारित पिटिशन, म्हणजे कंपनीने भरायचा व्हिसाचा अर्ज लागतो. २०१५ च्या सिमियो निकालापासून हे पक्कं झालं. तुझं नशीब असं, की चेरी हिल आणि विल्मिंग्टन दोन्ही एकाच फिलाडेल्फिया महानगर क्षेत्रात मोडतात. एरवी राज्य बदललं की लोक घाबरतात, तुझ्या बाबतीत बहुधा नवं पिटिशन लागणार नाही, नव्या जागी एलसीएची, म्हणजे कंपनीने कामगार खात्याकडे केलेल्या अर्जाची, नोटीस लावून भागेल. हे ‘बहुधा’ कंपनीच्या वकिलाकडून ईमेलवर पक्कं करून घे. शब्दाला किंमत नाही, ईमेलला आहे. मात्र विल्मिंग्टनला ओळख झाली म्हणून तिथल्या दुसऱ्या एजन्सीचं शनिवारचं काम धरलंस, तर ती वेगळी नोकरी झाली. त्या एजन्सीने तुझ्यासाठी स्वतःचं पिटिशन भरल्याशिवाय एक व्हिजिटसुद्धा करायची नाही. कॉम्पॅक्टने लायसन्सचं कुंपण काढलंय, व्हिसाचं नाही. आपल्या मुली इथेच फसतात, कारण इथे जन्मलेल्या सहकाऱ्यांना तो प्रश्नच नसतो आणि त्या मोकळेपणाने सांगतात, "अगं, पर डिएम घे की!" म्हणजे जमेल त्या दिवसाचं सुटं काम.

जाता जाता: डेलावेअरमध्ये कमावलेल्या पगारावर डेलावेअरचा आयकर लागेल आणि तिथलं अनिवासी रिटर्न भरावं लागेल. न्यूजर्सी त्याचं क्रेडिट देते. पेनसिल्व्हेनियाशी न्यूजर्सीचा जसा परस्पर समझोता आहे तसा डेलावेअरशी नाही. टोलचे आणि पेट्रोलचे पैसे कोण देणार हेही आधीच विचारून टाक. डेलावेअर मेमोरियल पुलावर टोल डेलावेअरकडे जातानाच लागतो, म्हणजे नेमका कामावर जाताना.

आता सॅन होजे. कॅलिफोर्निया कॉम्पॅक्टमध्ये नाही, त्यामुळे तुझा प्रिव्हिलेज तिथे काहीच कामाचा नाही. त्याहून वाईट म्हणजे, तू कॅलिफोर्नियाची रहिवासी झालीस की डेलावेअरचाही जाईल. न्यूजर्सीचं लायसन्स चालू ठेवलंस तरीसुद्धा. सगळा डोलारा राहत्या पत्त्यावर उभा असतो. नवऱ्याची नोकरी सॅन होजेऐवजी ऑस्टिनला असती तरी सुटका नव्हती. टेक्सास करारात आहे, पण तिथे राहायला गेल्यावर टेक्सासचं स्वतःचं लायसन्स काढावंच लागलं असतं. कॉम्पॅक्ट घर एका ठिकाणी ठेवून शेजारच्या राज्यात काम करण्यासाठी आहे. बिऱ्हाड हलवणाऱ्यांना त्याचा उपयोग थोडाच.

पहिल्यापासून सगळं? नाही. एनपीटीई पुन्हा द्यायची नाही. फेडरेशन, म्हणजे ही परीक्षा घेणारी राज्यांच्या बोर्डांची संघटना, तुझा स्कोर कॅलिफोर्नियाच्या बोर्डाकडे पाठवेल, त्याची फी भरायची. बाकी एंडॉर्समेंटचा, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या लायसन्सच्या आधारे करायचा अर्ज, न्यूजर्सी बोर्डाकडून लायसन्सची पडताळणी, बोटांचे ठसे आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याची वेगळी परीक्षा. ठसे कॅलिफोर्नियात जाऊन लाइव्ह स्कॅनने, म्हणजे मशीनवर, दिले तर लवकर निघतात, इथून कार्डावर पाठवले तर रेंगाळतात. नवऱ्याबरोबर घर बघायला जाशील तेव्हा तेवढं काम करून ये.

खरा वेळ खाणार ते आपलं भारतीय शिक्षण. तू ज्या वर्षी पदवी घेतलीस त्या वर्षीच्या निकषांवर तुझे विषय आणि क्रेडिट तपासले जातात. न्यूजर्सीसाठी केलेला एफसीसीपीटीचा, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचा, अहवाल पुन्हा वापरता येतो का, की नवा लागेल, हे कॅलिफोर्नियाच्या बोर्डाला आधी लिहून विचार. नवा लागला तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात मागवणं आलं. सांगलीहून भावाला किंवा मैत्रिणीला पाठवायचं असेल तर अधिकारपत्र आजच लिहून दे. मुंबईच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेतली तुझी नोंदणी चालू आहे का, तेही त्याच फेरीत बघून घे. शिवाय परदेशात शिकलेल्यांना देखरेखीखाली क्लिनिकल काम करण्याची अट कॅलिफोर्नियात आहे. तुझा इथला अनुभव धरून ती किती सुटते, हे फक्त बोर्डच सांगू शकेल. तो प्रश्न पहिल्याच पत्रात घाल. फाइल अर्धी झाल्यावर ती अट समोर आली की फार जड जाते.

भारतीय कागदांवर बोर्डं एवढी का अडतात, याला थोडा इतिहासही आहे. २०१० च्या जुलैमध्ये प्रश्न फुटल्याच्या कारणावरून फेडरेशनने भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त इथल्या पदवीधरांची एनपीटीई सरसकट थांबवली आणि पुढे काही काळ त्यांच्यासाठी वेगळीच परीक्षा ठेवली. काही क्लासवाल्यांच्या उद्योगांची शिक्षा चार देशांतल्या मुलांना झाली. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ती वेगळी परीक्षा केव्हाच बंद झाली, तुला ती द्यावी लागली नाही. पण आपली फाइल आली की दोनदा उलटून बघतात, हे धरूनच तयारी करायची. नावाचं स्पेलिंग, लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव, वडिलांचं नाव मधलं की शेवटचं, यावरून फायली महिना महिना पडून राहतात. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं नसेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेव.

क्रम महत्त्वाचा आहे. लायसन्स असलेल्या थेरपिस्टसाठीच कॅलिफोर्नियातली कंपनी सहजपणे एच-वन-बी ट्रान्सफर भरेल. लायसन्स नसताना नोकरी मिळवणं कठीण आणि पिटिशन त्याहून कठीण. इथली नोकरी सोडून आधी बिऱ्हाड हलवलंस तर तुझ्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस राहतात. नंतर एच-फोरवर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर जावं लागेल, आणि नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर नसेल तर कामाचं कार्डही मिळणार नाही. मग तू पूर्ण अर्हता असलेली थेरपिस्ट सॅन होजेच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये ट्रान्सक्रिप्टची वाट बघत बसणार. अशा किती तरी जणी मी बघितल्यात. दोन दोन वर्षं गेलेल्याही.

म्हणून राजीनामा सगळ्यात शेवटी. कॅलिफोर्नियाचा अर्ज याच महिन्यात टाक, नोकरीची ऑफर हातात नसली तरी. लायसन्स मिळालं आणि जाणं रद्द झालं तर फीचे पैसे गेले, एवढंच. न्यूजर्सीचं लायसन्स तिकडे गेल्यावरही निदान एक रिन्यूअल जिवंत ठेव, तीस क्रेडिट करावे लागले तरी. ऑफर फिसकटून परत यावं लागलं तर ते पुन्हा जागं करण्यापेक्षा हे सोपं. पत्ता बदलला की दोन्ही बोर्डांना आणि कॉम्पॅक्ट कमिशनला कळव, आणि त्या दिवसानंतर डेलावेअरचा एकही पेशंट शेड्यूलवर राहता कामा नये.

नवरा जॉइनिंगची तारीख ठरवायला बसेल तेव्हा तूही टेबलाशी बस. तो एक महिना आधी गेला आणि तू लायसन्स हातात आल्यावर गेलीस, तर दोन घरांचं भाडं पडेल. तुझा काही महिन्यांचा पगार बुडण्यापेक्षा ते स्वस्त आहे. आकडे कागदावर मांडून दाखव त्याला, वाद घालत बसू नकोस.

आणि मॅनेजरला उद्याच ईमेल टाक. प्रिव्हिलेजचा अर्ज करते आहे, तो मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून विल्मिंग्टनचे पेशंट लावा, फीची पावती कंपनीकडे पाठवू का? असं तीन ओळींत. ४५ डॉलर मागायला लाजू नकोस, काम त्यांचं आहे.